मामंजींचा लष्करी खर्च

दरवर्षी पेपरात एक तक्ता येतो. कोणत्या देशानं लष्करावर किती पैसा घातला, पहिला कोण, दुसरा कोण, आपण कितवे. आमच्या घरात तो मोठ्यानं वाचला जातो. आपला नंबर वर सरकला असला की ऐकणाऱ्यांच्या माना ताठ होतात, जणू त्यांनीच सकाळी उठून तोफ ओढली. मी पान उलटायला सांगते. असल्या तक्त्यांची माझी हौस माझ्या सासऱ्यांनी फार वर्षांपूर्वी फेडून टाकली आहे.

मी सोनपेठकडची. लग्न होऊन परभणीला आले तेव्हा विलायतेत लढाई सुरू व्हायच्या बेतात होती आणि आमच्या घरात ती सुरू झालेलीही होती. सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. ते तालुकदार कचेरीत पेशकार होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज साहेबापुढं सरकवून ते नुकतेच वजीफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर, घरी बसले होते. आमचे मालक सरकारी शाळेत, तेव्हाच्या भाषेत मदरशात, मास्तर. गावाबाहेर थोडी जमीन होती, ती बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दिलेली. घर चालवायच्या ते माझ्या सासूबाई, आमच्या आत्याबाई. त्यांच्या हाताखाली एक म्हैस होती आणि आता मी.

मामंजींकडं हैदराबादचा उर्दू पेपर रेल्वेनं यायचा. तो आला की मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, एक अडते दुकान नोकरावर टाकून आमच्या दाराजवळच्या ढाळजेत येऊन बसत. हे अडते मामंजींचे जुने दोस्त. दोघांनी मिळून एक उद्योग काढला होता. कोणता मुलूख फौजेवर किती खर्च करतो ते पेपरातून हुडकायचं आणि ढाळजेच्या भिंतीवर कोळशानं रेघ ओढायची. जास्त खर्चाला लांब रेघ, कमी खर्चाला आखूड. इंग्लंड, जर्मनी, जपान, रशिया, पुढं अमेरिका. पेपरात आकडा नसला तर मामंजी डोळे मिटून तो ठरवायचे, आणि एकदा ठरवला की तो आकडा खुद्द त्या मुलखाच्या बादशहानं येऊन सांगितला तरी बदलायचा नाही.

त्या रेघांवरून तासन्‌तास वाद व्हायचे. अडत्यांचं म्हणणं साधं होतं: ज्याची रेघ लांब तो जिंकणार. मामंजी त्यावर हसायचे. ते म्हणायचे, किती खर्च केला ते पाहू नका, कमाईतला कितवा हिस्सा केला ते पाहा; जो आपल्या कमाईतला मोठा हिस्सा फौजेला देतो तो खरा मर्द मुलूख. मग जपान कसा मर्द आणि अमेरिका कशी बनिया, यावर चहाची दुसरी फेरी. जर्मनीची रेघ खिडकीच्या चौकटीला जाऊन भिडली त्या दिवशी मामंजी इतके खूश होते की वाटावं, त्यांना तिथं जहागीर मिळाली. ज्या माणसानं कचेरीत दौतीतली शाईसुद्धा साहेबाला विचारून बदलली, तो बसल्या जागी आरमारं बुडवायचा.

दिवाळीच्या आधी आम्ही भिंती पांढऱ्या मातीनं सारवायचो. ढाळजेची भिंत सारवायची बंदी झाली. बाकीचं घर पांढरं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आधी दिसणारी भिंत काळी, अशा कितीतरी दिवाळ्या आम्ही साजऱ्या केल्या.

त्याच काळात सरकारनं शेतकऱ्यांकडून लेव्हीची ज्वारी घ्यायला सुरुवात केली. आमच्या वाट्यातलीही गेली. रॉकेल मिळेना, साखर मिळेना. मी गुळाचा चहा करून ढाळजेत पाठवायची आणि आतून ऐकायची. मामंजी अडत्यांना सांगत असायचे की खरी सल्तनत कशी पोटाला चिमटा काढून फौज उभी करते. चिमटा कुणाच्या पोटाला, हा हिशेब भिंतीवर नव्हता.

लढाई संपली. मला वाटलं, आता भिंत सारवता येईल. पण दोन वर्षांनी इंग्रज गेला, हिंदुस्थान मोकळा झाला, आणि आमचं हैदराबाद संस्थान मात्र म्हणायला लागलं की आम्ही वेगळे राहणार. मामंजींना नवा मुकाबला मिळाला. एका बाजूला हिंदुस्थान, दुसऱ्या बाजूला आपलं संस्थान. ते सांगायचे, आपले हुजूर साऱ्या दुनियेत दौलतमंद, ते मनात आणतील तेवढी फौज ठेवतील. लढाई झालीच तर महिनोन्‌महिने चालेल. अडत्यांनी या वेळी वाद घातला नाही. गावात संस्थानाची बाजू घेणाऱ्या, खाकी कपड्यांतल्या टोळ्या फिरू लागल्या होत्या, मोंढ्यात दिवसाढवळ्या दुकानं उघडून माल नेत होत्या. एके दिवशी अडते बायकामुलांना घेऊन सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात निघून गेले. जाताना ते भिंतीकडं बघायलासुद्धा आले नाहीत.

ऐकणारा गेल्यावर मामंजी घरातल्यांना धरून समजावू लागले. त्यांचं म्हणणं असं की घर म्हणजेही एक मुलूखच. प्रत्येक मुलूख आधी फौजेचा खर्च बाजूला काढतो आणि मग पोटाचं बघतो. आपल्या घराचा फौजेवर खर्च किती? काहीच नाही. अशा मुलखावर कुणीही चालून येतं.

मालकांनी हळूच सुचवलं की सगळ्यांनी मिळून काही दिवस सोनपेठला जाऊन राहावं. मामंजींनी त्यांच्याकडं असं पाहिलं, जसं ते लढाईच्या दिवसांत हरलेल्या मुलखांच्या नावाकडं पाहायचे. मग त्यांनी आपला बेत सांगितला. म्हैस विकायची आणि बंदूक घ्यायची.

आत्याबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला.

"म्हस इकायची न्हाई," त्या म्हणाल्या. "पोरगी दुधावर हाय."

माझी मुलगी तेव्हा अंगणात चालायला शिकत होती.

"पोरगी जितीजागती ऱ्हायली पायजे का न्हाई?" मामंजी म्हणाले. "आदी हिफाजत, मग दूध."

दुसऱ्या दिवशी ते बटईदाराला सोबत घेऊन म्हैस ताडकळसच्या बाजाराला घेऊन गेले. म्हैस आत्याबाईंशिवाय कुणाला हात लावू देत नसे, ती फाटकातून निघेना. तेव्हा आत्याबाईंनाच तिला कोपऱ्यापर्यंत पोचवून द्यावं लागलं. तिथून त्या परत आल्या त्या सरळ गोठ्यात गेल्या आणि रिकामा गोठा झाडत बसल्या. मी त्यांना हाक मारली नाही.

सांजेला मामंजी बंदूक घेऊन आले. ताडकळसकडच्या कुणा शेतकऱ्याची ती ठासणीची बंदूक होती, रानडुकरांनी भ्यावं म्हणून ठेवलेली. नळीला तारेचे वेढे दिलेले होते. मामंजींनी ती सतरंजीवर ठेवली आणि आम्हाला लांबून दाखवली. ती त्यांना चालवता येत नव्हती. शिकायचं तर बार काढावा लागणार आणि बार काढला तर आवाज होणार, म्हणून त्यांनी ती एकदाही चालवली नाही. बंदूक आल्यापासून आमच्या घरात एकच गोष्ट मेली, ती म्हणजे दूध. मुलीला मी ज्वारीची आंबील पाजायची. ती तोंड फिरवायची, आणि ढाळजेत मामंजी बंदुकीच्या दस्त्याला गोडं तेल चोळायचे.

त्यांना बंदूक असण्यापेक्षा ती लोकांना ठाऊक असण्याची जास्त असोशी होती. गल्लीत घरोघर जाऊन ते विचारायचे, तुमच्याकडं काय हाय, किती काठ्या, कुऱ्हाड किती, आणि मग आपल्याकडं काय आहे ते आडून सांगायचे. त्यावरून समोरच्यांनी भाला आणला. ते कळल्यावर त्यांच्या शेजाऱ्यांनी दोन भाले आणले आणि परसातली वांगी राखायला ठेवल्यासारखे दाराशी उभे केले. आमच्या लगतचं घर एका लिंगायत दुकानदाराचं होतं. त्याच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणायची. मामंजी तिथंही गेले. अक्का कपाळाला भस्म लावून पूजेला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या की घरात आधीच सासू हाय, आनखी हत्यार कशाला. मामंजींना ते फार लागलं. ते घर आता टिकत नाही, असं त्यांनी आम्हाला येऊन सांगितलं.

पावसाळ्यात कचेरीकडून दवंडी फिरली की ज्याच्या घरी हत्यार असेल त्यानं ते जमा करावं. आता मामंजींची खरी कोंडी झाली. जमा करायला जावं तर परवाना नव्हता, घरी ठेवावी तर सरकारी हुकूम मोडला जातो, आणि हुकूम मोडायची सवय त्यांच्या हाडात नव्हती. शेवटी त्यांनी तिसराच मार्ग काढला. आमच्या परसात ज्वारीचं पेव होतं. जमिनीत खणलेलं, वर दगड ठेवून मातीनं लिंपलेलं. वर्षाची ज्वारी त्यात. मामंजींनी ते उघडून बंदूक त्यात ठेवायचं ठरवलं.

आत्याबाईंनी सांगून पाहिलं की भर पावसाचं पेव उघडू नये, ओल जाते, दाणा काळा पडतो. त्यांचं ऐकायला मुलखाचा कारभारी मोकळा नव्हता. बंदूक मेणकापडात गुंडाळली गेली, ज्वारीवर ठेवली गेली, आणि तोंड पुन्हा लिंपलं गेलं. पण जुन्या मातीवर नवी माती कुणालाही ओळखू येईल अशी दिसत होती.

टोळी दुपारी आली. त्यांना काही शोधायचं नव्हतंच. मामंजींनी गल्लीभर इतकी जाहिरात केली होती की त्यांनी दारातूनच बंदूक मागितली. मामंजी हात जोडून उभे राहिले आणि कचेरीतल्या उर्दूत तशरीफ ठेवायला सांगू लागले. बंदूक नाही, असं मामंजी एकदा म्हणाले. दुसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी बोट परसाकडं केलं.

पेव उघडलं. आतली कोंदट वाफ निघून जाईपर्यंत ती माणसं विड्या ओढत थांबली. मग एकानं हात घालून बंदूक काढली, तारेचे वेढे बघितले आणि हसत दुसऱ्याकडं दिली. बंदूक पाहून झाल्यावर त्यांनी खाली पाहिलं. खाली आमचं वर्ष होतं. आमच्याच गोठ्यातली रिकामी पोती त्यांनी घेतली आणि ज्वारी भरली. एका पोत्याचं एक टोक त्यांनी मामंजींना धरायला लावलं, आणि मामंजींनी ते नीट, न सांडता धरलं.

त्या दिवशी आमच्या गल्लीतलं दुसरं कुठलंच पेव उघडलं गेलं नाही. भालेवाल्यांचे भाले गेले. अक्कांच्या दारात तर कुणी थांबलंही नाही.

मी आणि आत्याबाई चिखलातली ज्वारी वेचत बसलो. तेवढ्यात मधल्या भिंतीवरून अक्कांनी टोपली पुढं केली. तिच्यात ज्वारीचं पीठ होतं, वर थोडा भुईमूग. त्या म्हणाल्या, "सांजंचं भागवा. उद्याचं उद्या बघू." एवढंच बोलून त्या आत गेल्या.

सांजेला ताटं वाढली. मामंजी मान खाली घालून पाटावर येऊन बसले. मला वाटलं, माणूस खचला, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात थोडी दया आली. दुसरा घास घेतल्यावर ते मालकांना म्हणाले, "आपलं चुकलं कुठं ते माज्या ध्यानात आलं. आपला खर्च कमी पडला. दोन बंदुका असत्या तर ते दारातूनच मागं फिरले असते."

मालक भाकरी मोडत राहिले. आत्याबाई चुलीकडं तोंड करून बसल्या होत्या. सासऱ्यांसमोर मी तोवर कधी तोंड उघडलेलं नव्हतं. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "मामंजी, तुमच्या ताटातली भाकर शेजारच्या घरची हाय. त्या घरात एकबी बंदूक न्हाई."

मामंजींनी भाकरीकडं पाहिलं. ती त्यांनी खाली ठेवली नाही, खाल्ली, भूक होतीच. पण त्या दिवसापासून, एक वेळ सोडली तर, लढाईची गोष्ट त्यांनी माझ्या कानावर पडेल अशी काढली नाही. मी माजघरात आले की ढाळजेतलं बोलणं पिकापाण्यावर यायचं. सुनेनं तोंड उघडल्याबद्दल मला कुणी बोललं नाही. आत्याबाईंनी फक्त दुसऱ्या दिवशी कोठीच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हिंदुस्थानची फौज आली. मामंजींची महिनोन्‌महिने चालणारी लढाई आठवडाभरही टिकली नाही. जिची त्यांनी एवढी तारीफ केली ती फौज आमच्या गावात कुणाला लढताना दिसली नाही. गल्लीतले जे पुरुष पेव झाकून आत बसले होते तेच फेटे बांधून सडकेवर जयजयकार करायला गेले. मामंजीही गेले. परत आले तेव्हा त्यांच्या गळ्यात झेंडूची माळ होती. ती त्यांना कुणी आणि कशाबद्दल घातली, ते मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी एक शिपाई आमच्या दाराशी आला. मिशी फुटत असलेला, उन्हानं काळवंडलेला. त्याची बोली आम्हाला कळेना, आमची त्याला. शेवटी त्यानं छातीवरचं उघडं पडलेलं काज दाखवलं आणि बोटांनी शिवल्यासारखं केलं. गुंडी त्यानं मुठीत जपून आणली होती. मी सुईदोरा दिला. तो ओट्यावर बसून शिवू लागला.

मामंजी बाहेर आले. शिपाई बघून त्यांचा चेहरा उजळला. सावकाश, सोप्या हिंदुस्थानीत त्यांनी विचारलं की तुमच्या पलटणीत तोफा किती, रणगाडे किती, सरकार एका रणगाड्यावर खर्च किती करतं. शिपायानं मान हलवली. त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसल्याचं त्याला काही वाटलंही नाही. तो गुंडीला दोऱ्याचा पीळ देत होता. जेवलास का, असं त्याला आत्याबाईंनी हातानं तोंडाशी घास नेऊन विचारलं. त्यानं आधी नको म्हटलं, मग कांदा भाकर मागून घेतली.

जाताना त्यानं सुई माझ्या हातात परत दिली. दोरा मात्र आणखी हातभर मागितला आणि तो बोटाला गुंडाळून खिशात ठेवला.