सहा माणसं कमी

...तर काय सांगत होते, तुझे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर. पंपाच्या कारखान्यात फोरमन होते आणि अख्खं खातं त्यांना ‘मोजपट्टी’ म्हणायचं. नवी चप्पल घेतली तरी आधी पट्टी लावून बघतात, असं माझी जाऊच सगळ्यांना सांगायची. लिही, लिही, ती काही रागवायची नाही.

त्या वर्षी बाजार पार बसला. तयार पंप गोदामात मावेनात, म्हणून जिन्याखाली रचून ठेवलेले. साहेबांनी भाऊजींना केबिनमध्ये बोलावलं. तुमच्या खात्यातली सहा माणसं कमी करायचीत, म्हणाले, शनिवारपर्यंत नावं द्या. नाही दिलीत तर पहिलं नाव तुमचंच घालीन.

दोन दिवस भाऊजी कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले. काम सगळ्यांना त्यांनीच शिकवलेलं, नाव घालणार कुणाचं? तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि सरळ विचारलं, आठवड्यातून एकेक दिवस बिनपगारी घरी बसाल का? पेंटर फणकारला. माझं काम चोख, मी का झळ सोसू? भाऊजी म्हणाले, तुझं बरोबर आहे, मग कुणाला घालवायचं ती सहा नावं तूच लिही. आणि कोरा कागद पुढे केला. पेंटरनं पेन घेतलं, एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि पेन परत दिलं. वेल्डर पक्का दांडीबहाद्दर. तो म्हणाला, "मी तर कधीपासूनच आठवड्याला एक दिवस कमी असतो. आता रीतसर असेन."

शनिवारी भाऊजींनी यादी टेबलावर ठेवली. साहेबांच्या कपाळाला आठ्या.

"मी सहा मागितली होती. ही छत्तीस आहेत."

"वार बघा, साहेब. सोमवारी सहा, मंगळवारी सहा. रोज सहाच कमी."

साहेबांनी बोट ठेवून मोजलं. सोमवारच्या सहात पहिलं नाव भाऊजींचं. साहेबांनी यादी खणात ठेवली. मग म्हणाले, तीन महिने बघू.

तीन महिन्यांचे सात झाले. घरोघरी ओढाताण झाली, खोटं कशाला सांगू, जाऊबाईनं शिवणकाम घेतलं. पण बाजार उठला तेव्हा छत्तीसच्या छत्तीस हजर. वेल्डरसुद्धा.

झालं लिहून? मग हा कागद तुझ्या मामाला नेऊन दे. त्याच्याकडेही नावं मागितलीत म्हणे. म्हणावं, आईनं सांगितलंय, सही करायच्या आधी एवढं वाच.