चालत्या ट्रॉलीचा ऊस

पलूसकडच्या रस्त्यांवर हरिबाचा ट्रॅक्टर ज्याला माहीत नाही, तो माणूस बहिरा तरी असावा नाहीतर पाहुणा. शेतातला ऊस कारखान्याला न्यायचा आणि जाता जाता सगळ्या गावाला गाणी ऐकवायची, हा त्याचा वीस हंगामांचा उद्योग. बोलायला फटकळ. पण बायको येसूबाई म्हणायची, "ह्यांचा राग म्हंजे अळवावरचं पाणी."

हायस्कूलची पोरंपोरी चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायची. लहानपणी हरिबानेही हेच केलेलं, त्यामुळे ओरडायला तोंड नव्हतं. कोणी चाकाखाली येऊ नये म्हणून तो शाळेपाशी गाडी अगदी बैलगाडीच्या चालीने नेऊ लागला. आपण मोठं शहाणपण केलं असं त्याला वाटलं. भला माणूस चुकाही भल्याच करतो.

झालं काय, ते त्याला नंतर कळलं. मुलींच्या कबड्डी संघात रीतच होती, की चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढल्याशिवाय नव्या मुलीला खेळायला घ्यायचं नाही. गाडी रांगायला लागल्यावर कप्तान राजेश्वरीने फर्मान काढलं, "हळू ट्रॉलीचा ऊस हिशोबात धरायचा न्हाई. शाळेपुढच्या उतारावरच वडायचा." शाळा मागे पडली की तिथे हरिबा पुन्हा वेग धरायचा.

संघात नव्याने येऊ बघणारी आठवीतली पायल हरणासारखी चपळ, पण तीन दिवस उतारावर नुसती उभी राहून परत आली. वर्गात तिचं नाव 'भित्री भागूबाई' पडलं. डबा खायला शेजारी कोणी बसेना. चौथ्या दिवशी ती ट्रॉलीमागे धावली.

एक गाणं संपून दुसरं लागायचं होतं, तेवढ्यात हरिबाला किंकाळी ऐकू आली. भरली ट्रॉली उतारावर; एकदम ब्रेक मारावा तर ती ट्रॅक्टरवर चढणार. दात आवळून त्याने गाडी हळूहळू थांबवली आणि उडी टाकून मागे पळाला.

पायलच्या दप्तराचा पट्टा उसाच्या दोरात अडकला होता. पोरगी ट्रॉलीबरोबर धावत आली होती, पडली नव्हती. हरिबाने तिचे हातपाय चाचपून बघितले. एका अंगठ्याचं नख निघालं होतं, बाकी सगळं शाबूत. देवा, सुटलो! तो रस्त्यावरच मटकन बसला. रागवायला तोंड उघडलं, तर रडूच आलं.

"ऊस खायाचा हुता तर मागायचा न्हाई व्हय गं मला?"

"आमचा चार एकर हाय की, मामा," पायल हुंदके देत म्हणाली. "मला ऊस आवडतच न्हाई."

मग कशापायी, असं हरिबाने विचारल्यावर तिने संघाची रीत आणि कप्तान राजेश्वरीचं फर्मान, सगळं सांगून टाकलं. मागून राजेश्वरी धापा टाकत आली, पाठोपाठ तिच्या मैत्रिणी.

"आन तू गं कप्तान? तुला भ्या वाटत न्हाई?"

राजेश्वरीने मैत्रिणींकडे पाहिलं, मग खाली. "लय वाटतं, मामा. मी वडला तवा रातभर झोप न्हाई आली. पर कुनी इचारलंच न्हाई."

"मलाबी," मागून एकजण पुटपुटली. मग दुसरी, मग तिसरी. अख्खा संघ भित्रा निघाला. हरिबाला डोळे पुसता पुसता हसू फुटलं, आणि त्याच्या हसण्याने पोरीही हसायला लागल्या.

राजेश्वरीने दोरातला पट्टा सोडवला आणि पायलचं दप्तर आपल्याच खांद्याला लावलं.

"सोमवारी सरावाला ये," ती म्हणाली. "पाय बरा झाला तर. न्हाईतर नुसती बस आमच्याजवळ."