जुन्या हिऱ्यांची जोड

नवा दागिना घ्यायला आलेलं माणूस फार बोलत नाही. डिझाइन बघतं, मजुरी विचारतं, चहा घेऊन जातं. पण कोणी जुना दागिना मोडायला नाहीतर जुळवायला आलं, की खुर्ची ओढून बसतं आणि पुडी उघडायच्या आधी घर उघडतं! सराफ बाजारातल्या आमच्या दुकानात मी सून म्हणून आले तेव्हापासून हे ऐकतेय. कोणाला सांगायचं नाही म्हटलं तरी साठतंच.

त्यात जुन्या कटाचे हिरे असले की बघायलाच नको. हे हिरे हातानं घासलेले. यंत्रावरच्या नव्या हिऱ्यांसारखे एका साच्यातले नसतात. एक फुगीर, एक चपटा, एकाच्या पोटात पिवळसर झाक. असे पाच-सात एका अंगठीत बसवायचे, तर सगळे शेजारी शेजारी नांदले पाहिजेत. बाजारात मागून ते मिळत नाहीत. कोणाची कुडी मोडली, कोणाची नथ मोडली, की एखाददुसरा हाती लागतो. गिऱ्हाइकाचं बजेट ठरलेलं असतं. मग वाट बघायची.

* * *

इंदिरानगरचा एक मुलगा आला. कंपनीत नोकरी, साखरपुडा ठरलेला. होणाऱ्या बायकोला जुन्या हिऱ्यांची पाच खड्यांची अंगठी हवी होती. बजेट सांगताना त्याचे कान लाल झाले.

चार हिरे छान जुळले. पाचवा मिळायला बराच वेळ लागला, आणि मिळाला तो जरा वाकडा. दोघांना बोलावून घेतलं. मुलगी दवाखान्यात नर्स, ड्यूटी संपवून तशीच आलेली. मुलानं भिंग डोळ्याला लावलं.

"काकू, हा एक तिरका दिसतोय."

"आहेच तिरका. तुमच्या बजेटात बसणारा दुसरा नाही माझ्याकडे."

"मग कडेला टाका. तिकडे कोण बघतंय!"

मुलगी पुढे वाकली. म्हणाली, "मध्ये बसवा तो."

"अगं, मध्ये सगळ्यांना दिसेल!"

"दिसू दे की. माझा भाऊ नीट चालत नाही. आम्ही त्याला कधी फोटोत कडेला उभा नाही केला."

मुलानं भिंग मिटवून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाला, "मध्येच बसवा, काकू."

* * *

हिरे जुळवायला मला शिकवलं ते माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी. त्यांचा नियम होता, की हिरा जुळवायचा तो दुकानाच्या दारात, सकाळच्या उजेडात. "ट्यूबलाइटखाली सगळेच पांढरे," म्हणायचे. वय झालं तरी हे काम त्यांनी सोडलं नव्हतं.

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर अण्णा दुकानात आले. आधी स्वतः जुळवून ठेवलेली एक पुडी दारात नेऊन उघडली आणि तिथेच पायरीवर बसले.

"सूनबाई, यातले दोन पिवळे आहेत गं!"

त्या दिवशी ते धड जेवले नाहीत. लोकांनी आपल्यावर विश्वास टाकला आणि आपण कोणाकोणाला काय जुळवून दिलं, एवढंच डोक्यात. दुसऱ्या दिवशी फोन लावायला बसले. पहिला फोन एका वकीलसाहेबांना. त्यांनी नुकतीच सात हिऱ्यांची अंगठी नेली होती.

"वकीलसाहेब, अंगठी घेऊन या. माझ्या नजरेत दोष होता. हिरे बदलून देतो."

पलीकडून वकीलसाहेब म्हणाले, "अण्णा, ऑपरेशन तुमचं झालंय, माझं व्हायचंय अजून! मला सगळे पांढरेच दिसतात. राहू द्या!"

मला हसू आवरेना. अण्णा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बरं. मग तुमचं होईपर्यंत जुळवून ठेवतो."

आणि ठेवले.

* * *

आमच्याकडे खडे बसवतात ते बापीदा. मूळचे बंगालचे. मराठी अजून अर्धी कळते, अर्धी नाही. त्यांच्या हाताला मी कधी घाई बघितली नाही. पण जुन्या हिऱ्याची कड पातळ असते. सायखेड्याच्या एका आजींच्या अंगठीत चार हिरे बसले आणि पाचवा बसवताना टवका उडाला.

आजींच्या मुलांनी द्राक्षं बरी गेली म्हणून आईला ही अंगठी करायला टाकली होती. आजी सुनेला घेऊन न्यायला आल्या, तेव्हा आम्हाला काही सांगू न देता बापीदा स्वतः आतून बाहेर आले. हात जोडले.

"आई, मेरे हात से टूटा. मैं भर के देगा. वैसा मिलने में टाइम लगेगा."

आजींनी तो फुटका हिरा तळहातावर घेतला. बोटानं उलटा करून बघितला.

"कशाला शोधतो बाबा? मला पाच झाली व्हती. चार हायेत. तू चारचीच कर."

सुनेनं चमकून सासूकडे बघितलं. त्या घरात तिची मुलं मोठी झाली होती, पण पाचव्याबद्दल तिनं कधी ऐकलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. फुटका हिरा आजींनी पदराच्या टोकाला बांधला आणि त्या उठल्या.

त्या गेल्यावर बापीदांनी विचारलं, "भाभी, आई क्या बोली?"

मी एवढंच म्हटलं, "चार का बनाओ, बापीदा."

* * *

पगारे सर आणि बाई, दोघंही शिक्षक, आता रिटायर झालेले. बाईंच्या अंगावर हिरा कधी चढला नव्हता. सरांनी मनावर घेतलं, पण बजेट बेतानं. म्हणून तीन जुन्या हिऱ्यांची अंगठी ठरली. मी पुडी उघडली. सरांनी नीट बघितले, मग विचारलं, "हे कोणाचे होते?"

"सर, ते आम्ही सांगत नाही."

"नाव नको. पण नाशकातल्याच एखाद्या जुन्या घरातले असणार ना?"

"असतील."

सरांनी पुडीतला एक हिरा बोटानं सरकवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझी आई अशा घरांमध्ये सरपण टाकायला जायची. पाणी मागितलं तर वरून ओतायचे. आत कधी घेतलं नाही तिला. त्यांच्यापैकीच कोणाचे असले तर?"

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी पुडी मिटायला हात पुढे केला. बाईंनी माझा हात धरला.

"असू देत ना," त्या सरांना म्हणाल्या. "आपल्याकडे येतायत. आपण घेऊ त्यांना आत."

* * *

मालतीताई कॉलेज रोडच्या. हिऱ्याची एकच कुडी घेऊन आल्या होत्या. सात हिऱ्यांचं फूल, मधला हिरा किंचित करडा. "आईची आहे. दुसरी हरवली. अशीच जोड करून द्या." आता असे सात जुने हिरे, तेही त्यांच्या बजेटमध्ये, मिळवायचे म्हणजे चेष्टा नाही. मी शोधत राहिले. त्या अधूनमधून फोन करायच्या.

पुढे बऱ्याच महिन्यांनी कळवणहून एक बाई आली. शैला. गळा मोकळा, कान मोकळे. कापडी पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून एक कुडी.

"मुलीचं लग्न ठरलंय. नवं करणं होत नाही. ही मोडून तिला सात हिऱ्यांची अंगठी करून द्या."

सात हिऱ्यांचं फूल. मधला किंचित करडा.

"हिची जोड?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि रुमालाची घडी घालायला लागली.

मी कुडी ठेवून घेतली आणि बापीदांना म्हटलं, हात लावू नका. एका गिऱ्हाइकाचं नाव दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमचा धर्म. अण्णांना विचारलं. ते जपाची माळ बाजूला ठेवून म्हणाले, "नाव सांगू नकोस. वेळ सांग."

दोघींना एकाच दिवसाची, एकच वेळ दिली.

मालतीताई आधी आल्या. चहा अर्धा झाला असेल, तेवढ्यात शैला पायरी चढली आणि दारातच थांबली. मालतीताईंनी कप खाली ठेवला. आता एक जण उठून जाणार असं मला वाटलं. मी घाईनं दोन्ही कुड्या मखमलीच्या ट्रेवर शेजारी शेजारी ठेवल्या.

मालतीताईंनी ट्रे जवळ ओढला. मग म्हणाल्या, "आईची कुडी मोडायला आणलीस?"

"वाटणीत आलेली एक कुडी घालून कुठे जाऊ, ताई?" शैला दारातूनच बोलली. "सोनीचं लग्न आहे. तिला अंगठी करायचीय."

"सोनीचं लग्न?"

"हो."

"एवढी झाली?"

शैलानं मान हलवली. आत अण्णांनी फॅन बंद केला.

मालतीताई उठल्या. ट्रेमधल्या दोन्ही कुड्या त्यांनी मुठीत घेतल्या. मी काही बोलणार होते, पण त्या दाराकडे गेल्या. लहान पोरीची धरावी तशी शैलाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. कुडीची फिरकी काढली आणि कुडी तिच्या कानात घालायला लागल्या. जाईना. पुन्हा घातली. जाईना. शैला डोळे मिटून उभी होती.

मालतीताईंनी अंगठ्यानं ती कानाची पाळी चाचपली.

"शैले," त्या म्हणाल्या, "भोक बुजलंय गं तुझं."