पुलावरचा हॉर्न

रेल्वेत नोकरी आणि मॅचला जायचं बसनं! यावरून दौंडात आम्हाला कोणीही टोमणा मारी. खिशात फुकटचा पास असून आम्ही अर्ध्या खिडक्यांना काच नसलेल्या भाड्याच्या बसमधून धूळ खात जायचो. कारण सोपं होतं. आमच्याशी फुटबॉल खेळायला तयार असणारे संघ साखर कारखान्यांचे, नाहीतर मिशनच्या शाळांतल्या मास्तरांचे. ते नगरच्या पलीकडं, जिथं रूळ पोचले नव्हते अशा ठिकाणी. काष्टीकडून रस्ता जवळचा पडे, पण त्या काळी तो असा होता की बसच्या आधी बैलगाडी पोचावी. म्हणून मग दौंडहून न्हावऱ्यावरून शिरूर, शिरूरला घोडनदीचा पूल ओलांडून नगर, आणि तिथून पुढं. आणीबाणीच्या अगोदरची दोन-तीन वर्षं मी हा प्रवास केला. महिन्यातून एखादा रविवार तरी ठरलेला असे.

मी गोलकीपर होतो. त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. इंजिनांच्या लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे साधा मजूर, म्हणून लागलो तेव्हा वीस वर्षांचा होतो, अंगानं ताडमाड, आणि फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. कॉलनीतली बाकीची पोरं चालायला लागल्यापासून बॉल लाथाडत आलेली. त्यांचे बाप ड्रायव्हर, गार्ड. घरात कुणाच्या इंग्रजी, कुणाच्या तमिळ, कुणाच्या कोकणी. शिरूरचा मी एकटा. त्यांचा जुना गोलकीपर बदली होऊन गेला, आणि कॅप्टननं मला शेडमध्ये वरून टाकलेली कोळशाची ढेकळं झेलताना पाहिलं. कॅप्टन स्वतः इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन होता. "पाँव से नहीं आता तो हाथ से कर," म्हणाला. झालं, एवढ्यावर माझी निवड.

गोलकीपरसारखा एकटा माणूस मैदानावर दुसरा नाही. आपला संघ गोल मारतो तेव्हा सगळे तिकडं एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि आपण शंभर पावलं मागं दोन खांबांच्या मध्ये उभे. मी दोन्ही हात वर करून एकटाच उडी मारायचो, मग कोणी पाहिलं की काय म्हणून हात खाली घ्यायचो. आपल्यावर गोल झाला की मात्र दहाही जणं वळून आपल्याकडंच बघतात. बसमध्येही तसंच. बाकीचे दोघं-दोघं बसायचे. माझ्या शेजारी बुटांचं पोतं असे.

या बसचा एक नेम होता. जिंकून येताना घोडनदीचा पूल सुरू झाला की ड्रायव्हर चाचानं हॉर्नवर हात ठेवायचा तो शिरूरचा एसटी स्टँड येईपर्यंत काढायचा नाही. स्टँडसमोरच्या हॉटेलपाशी गाडी थांबायची. चहा, भजी, गाणी, आरडाओरडा, चांगला अर्धा तास. हरून येताना हॉर्न नाही, थांबणं नाही, आणि दौंडचा सिग्नल दिसेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. "हारने के बाद चाय हराम," हे कॅप्टनचं वाक्य. नियम त्याच्याही आधीच्या पोरांनी घातलेला होता, पण पाळायचा तो असा, जणू रेल्वेच्या रूलबुकातच छापला आहे.

आता शिरूर म्हणजे माझं घर. स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर आमची वस्ती, विहाराच्या मागं दोन खोल्या, आणि तिथं माझे वडील एकटे. त्यांना मी आबा म्हणायचो. आई मी सातवीत असतानाच गेली होती. आबा गावातल्या हायस्कुलात शिपाई. घंटा द्यायची, फळे पुसायचे, निकालाचे कागद बोर्डावर लावायचे. मी मॅट्रिक झालो तेव्हा त्यांनी अख्ख्या वस्तीला साखर वाटली. मास्तर होणार, निदान कारकून तरी, असं त्यांनी मनाशी धरलेलं. आणि मी कॉलेजचं पहिलंच वर्ष अर्ध्यात सोडून शेडमध्ये लागलो. पुस्तकात माझं मन लागत नव्हतं, हे खरं कारण त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही.

"हातात लेखणी दिली व्हती. तू फावडं घेतलंस," एवढंच ते म्हणाले. ओरडले असते तर मी उलट ओरडलो असतो आणि भांडण मिटलं असतं. ते गप्प बसले. मग मीही गप्प बसलो. बापापासून दुसरं काही घेतलं नसलं तरी हट्ट पुरेपूर घेतला होता. दौंड ते शिरूर एसटीनं दोन तासही लागत नव्हते, पण वर्षभर मी घरी गेलो नाही.

पहिल्यांदा आम्ही जिंकून आलो त्या संध्याकाळी दिवेलागण होत होती. चाचाचा हॉर्न गावभर घुमवत गाडी हॉटेलपाशी उभी राहिली. मी उतरलो तर समोर आबा. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"बरा हायेस?"

"हाय."

"जिंकला?"

"व्हय."

"ह्ये घे. भाकरी हाय. शेंगाची चटणी हाय."

"तुम्ही हिकडं कसं काय?"

"चहाची पुडी न्यायला आल्तो."

चहाच्या पुडीचं दुकान आमच्या घराला लागूनच होतं, त्यासाठी स्टँडपर्यंत यायचं कारण नव्हतं. आणि पुडी आणायला निघालेल्या माणसाच्या हातात भाकरीचं फडकं कशाला, हे मी विचारलं नाही. सकाळी जाताना आमची बस झेंडा लावून गावातून जायची. हॉटेलवाल्यानं त्यांना सांगितलं असणार. आम्ही दोघं अर्धा तास उभे होतो, आणि बोलणं वर लिहिलं तेवढंच झालं. पण दौंडपर्यंत मी त्या भाकरीचा एकेक तुकडा मोडून खाल्ला, आणि मला फार बरं वाटलं.

पुढच्या खेपेला हरलो. पुलावर गाडी गुपचूप चढली. मी खिडकीतून मान बाहेर काढून बघत राहिलो. हॉटेलचा बल्ब दिसला, बाकड्यावरची माणसं दिसली. आबा नव्हते. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा हरलो, पुन्हा नव्हते. मग एकदा जिंकलो, आणि हॉर्न वाजवत स्टँडवर येतो तर आबा हजर, फडक्यासकट. पुन्हा हरलो. पुन्हा जागा रिकामी.

संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की उतरत नाही. मी मनात गणित मांडलं. पास झालो तेव्हा साखर वाटणारा बाप, जिंकलो की भाकरी आणणारा बाप. नापास पोराचा बाप व्हायला हा माणूस तयार नाही. आम्ही हरलोय हे त्यांना आधी कसं कळतं, हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. राग आला की माणूस वकील होतो, फक्त आपल्या बाजूचे कागद बघतो. रात्री शेडमधून खोलीवर आलो की हा खटला मी रोज चालवायचो, आणि रोज मीच जिंकायचो. तेव्हा मला इतकं एकटं वाटायचं की शेजारच्या रेडिओचा आवाजही हवासा वाटे.

आणि मग मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली मॅच खेळलो. एक-शून्य. शेवटच्या पाच मिनिटांत मी पेनल्टी अडवली. त्या दिवशी पहिल्यांदा बुटांचं पोतं उचलून कोणीतरी माझ्या शेजारी बसलं. पुलावर हॉर्न सुरू झाला तसं मला आठवलं, आज जिंकलोय, म्हणजे आज आबा येणार. गाडी थांबली, सगळे उतरले, मी बसून राहिलो. आबा खिडकीखाली आले.

"उतरत न्हाईस?"

"पाय दुखतोय."

"कुठं?"

"दुखतोय."

त्यांनी फडकं वर केलं. "घे."

"भूक न्हाई मला."

त्यांनी फडकं खाली घेतलं. "बरं," म्हणाले, आणि गेले नाहीत. गाडी निघेपर्यंत तिथंच खिडकीखाली उभे राहिले, आणि मी समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत बसलो. आज इतक्या वर्षांनी ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

त्यानंतरची मॅच आम्ही पाच-शून्य हरलो. पाचवा गोल तर माझ्या दोन पायांमधून गेला. मुकी बस पूल उतरली, आणि स्टँडच्या जरा अलीकडं मागचं टायर फुटलं. चाचा जॅक काढून खाली बसला. समोर वीस पावलांवर हॉटेल, भजी तळल्याचा वास, आणि नियम असा की हरलेल्यांना चहा हराम. अकरा तहानलेले गडी रस्त्याच्या कडेला रांगेत उभे राहिले, पण एकानंही तिकडं पाऊल टाकलं नाही. मी लघवीला म्हणून हॉटेलच्या मागं गेलो.

मागं भांडी घासायची मोरी होती. तिच्या कडेला एक फळी टाकलेली. फळीवर आबा बसले होते, रस्त्याकडं पाठ करून, तोंड भिंतीला. मांडीवर फडकं.

मला बघून ते चोरी पकडल्यासारखे उठले.

"गाडी का थांबली?"

"टायर फुटलं. आबा, तुम्ही हितं काय करताय?"

हॉटेलवाला पाण्याची बादली घेऊन मागं आला, त्यानंच सांगितलं. "तुझ्या वडलांचं दर खेपंला आसंच. पुलावर भोंगा वाजला की फुडं जाऊन हुबं ऱ्हात्यात. गाडी भोंग्याबिगर आली की हितं मागं येऊन बसत्यात."

मी आबांकडं पाहिलं. ते फडक्याची गाठ सोडत होते, पुन्हा बांधत होते.

"का पण?"

"निकालाचा कागद बोर्डावर मीच लावतो न्हवं," ते म्हणाले. "लावला की आत निघून जातो. पोरगं आपलं नाव हुडकत आसतंय. सापडत न्हाई. तवा त्याच्याकडं कुणी बघू ने. एवढी वर्सं झाली, मी कवाच बघितलं न्हाई."

"मग येताच कशाला?"

"गाडी आली, गाडी गेली, एवढं तर ऐकू येतं. नीट गेलास म्हंजी झालं."

मी म्हणालो, "मागच्या खेपंला पाय दुखत न्हवता, आबा."

"ठावं हाय," ते म्हणाले, आणि भाकरी माझ्या हातात दिली. तिकडून कॅप्टननं शिट्टी मारली. मी गेलो.

पुढच्या मॅचलाही हरलो. आमच्या संघाचं ते नित्याचंच होतं. पूल जवळ आला तसा मी पुढं जाऊन चाचाला म्हणालो, हॉर्न वाजव. "हार के?" तो म्हणाला. मी म्हणालो, एकदाच. चाचानं आरशात माझं तोंड पाहिलं आणि हॉर्नवर हात ठेवला. मागून एकच गिल्ला झाला. कॅप्टन धावत आला आणि त्यानं चाचाचा हात ओढला. पण तोवर स्टँड आला होता, आणि आबा हॉटेलपुढं रस्त्यावर येऊन उभे होते. गाडी थांबली नाही. मी खिडकीतून ओरडलो, "हरलो, आबा! तीन गोल खाल्ले!" ते तोंड उघडं टाकून बघत राहिले. फडकं त्यांच्या हातातच राहिलं.

कॅप्टननं पुढच्या मॅचची यादी मैदानाच्या बोर्डावर लावली तेव्हा मी ती वरून खाली वाचली, मग खालून वर. माझं नाव नव्हतं. मागं चार-पाच पोरं उभी होती आणि सगळी माझ्याकडं बघत होती. आबा काय म्हणत होते ते तेव्हा मला कळलं.

त्या रविवारी बस माझ्याविना गेली. दुपारी मी एसटीत बसलो. म्हटलं, आता हट्ट पुरे, घरी जाऊन सरळ सांगू की मला संघातून काढलंय. वाटेत न्हावऱ्याला एसटी बंद पडली, आणि शिरूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दिवेलागण होत आली होती. एवढ्यात नगरच्या बाजूनं आमची बस आली. हॉर्न नव्हता. मी एसटीच्या आडोशाला उभा राहिलो आणि हॉटेलपुढं पाहिलं. तिथं कोणी नव्हतं.

मी हॉटेलच्या मागं गेलो. फळीवर आबा बसले होते, तोंड भिंतीला, मांडीवर फडकं. बसचा आवाज स्टँडवरून पुढं गेला, न्हावऱ्याच्या रस्त्याला वळला, बारीक होत गेला. ते मान किंचित तिरकी करून तो आवाज पार विरेपर्यंत ऐकत राहिले. मग भिंतीलाच सांगितल्यासारखं हळूच म्हणाले, "गेलं पोरगं. नीट गेलं."

"न्हाई गेलं, आबा," मी म्हणालो.

ते वळले. माझ्याकडं बघितलं. मग फळीवर जरा सरकले आणि फडक्याची गाठ सोडली.