हेडबाईंचं खूण घातलेलं पान

हेडबाई पुस्तकांवर चिडायच्या. लेखकावर नव्हे, हातातल्या पुस्तकावरच. ते टीपॉयवर आपटून त्यालाच विचारायच्या, "एवढं रडवलंस, पण कशासाठी ते सांगितलंस का?" त्यांनी शाळेत एक दिवसही शिकवलं नव्हतं. दिल्लीतल्या एका सरकारी कचेरीतून त्या निवृत्त झाल्या होत्या. पण आमच्या गुरुग्रामच्या वाचनकट्ट्यावर भलेभले मॅनेजर त्यांच्यापुढे गृहपाठ न केलेल्या पोरांसारखे बसत, म्हणून त्या हेडबाई.

कट्टा महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी भरे. नुकतं वाचलेलं पुस्तक घेऊन यायचं आणि त्यावर बोलायचं. "ओघवती भाषा, मनाला भिडणारं कथानक," असं कुणी सुरू केलं की हेडबाईंचा हात वर. "अच्छा! म्हणजे वाचलेलं नाहीस. हसलास कुठे, चिडलास कुठे, ते पान उघड. नाहीतर चलो, पुढचा." इंटरनेटवरचा सारांश पाठ करून आलेला माणूस मग निमूट पोहे खाऊ लागे.

विनोदी पुस्तक निघालं की आमचे सचिव म्हणत, "हलकंफुलकं शेवटी घेऊ, वेळ उरला तर." तो कधीच उरत नसे. हेडबाई उसळायच्या. "रडवायला काय लागतं? एक म्हातारी मारली की झालं. हसवून दाखवा!" शेवटी त्यांनी नियमच केला: एका गंभीर पुस्तकामागे लगेच एक विनोदी, आणि त्यावर भाषण नाही, त्यातलं पान मोठ्याने वाचायचं. कुणी हसलं नाही तर पुस्तक नापास. स्वतः त्या मेट्रोत वाचताना इतक्या हसायच्या, की शेजारच्या बायका सरकून बसत. "ऐसपैस जागा मिळते बघ," असं वर मला सांगायच्या.

यंदा होळीच्या आधी त्या अचानक गेल्या. शोकसभा त्यांच्याच घरी झाली. सचिव उठले आणि म्हणाले, "व्यासंगी, गंभीर वाचक. मनाला भिडणारं व्यक्तिमत्त्व." दुसरे उठले, तेच बोलले. तिसऱ्यांचंही तेच. माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं या बाईंसमोर बसून यांनी ऐकलं तरी काय? सारांश पाठ करून आले होते सगळे, तोही चुकीचा!

समोरच्या शेल्फवर एक विनोदी पुस्तक होतं, मेट्रोचं कार्ड खोचलेलं. पुढच्या कट्ट्याला वाचायचं पान त्या अशीच खूण घालून ठेवत. मी ते उचललं.

"मॅडम, प्लीज," सचिव कुजबुजले, "शोकसभा आहे. शोभत नाही."

"मग तुम्ही सांगा, बाई तुमच्यावर कुठे चिडल्या होत्या, कुठे हसल्या होत्या?"

कार्ड खोचलेलं पान उघडून मी वाचायला लागले. एक नवरा पहिल्यांदाच साबुदाणा भिजवायला घेतो, बादलीभर पाण्यात. सकाळी त्याची खळ झालेली बघून बायको उठायच्या आत तो पुरावा नष्ट करायला निघतो आणि घरातले फाटके कागद, चपलांचे सुटलेले सोल, जे दिसेल ते चिकटवत सुटतो.

कुणी हसलं नाही. सगळे खाली मान घालून बसले होते. हेडबाईंच्याच घरात हेडबाईंचं पुस्तक नापास होणार, या विचाराने मला रडू यायला लागलं.

तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारातून खुसखुस ऐकू आली. त्यांचे यजमान, अप्पा. कट्ट्यावर कधीही न बसलेला माणूस. दाराला धरून ते ठसका लागेपर्यंत हसले.

"आठवडाभर हेच वाचून दाखवत होती मला," ते डोळे पुसत म्हणाले. "मी म्हणायचो, पुरे आता."

मग खुर्ची ओढून ते आमच्यात येऊन बसले.

"वाच. पुढचं वाच."