निःशस्त्र म्यानकार

धारण करणे या गुणाची कीर्ती फारशी कोणी गात नाही. दान करणाऱ्याचे नाव होते, त्याग करणाऱ्याचे होते, जिंकणाऱ्याचे तर होतेच होते. पण विश्वासाने सोपवलेली वस्तू वेळ येईपर्यंत न सांडणारा, आणि वेळ आली की कसलाही हट्ट न धरता ती सोडून देणारा, असा मनुष्य सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. पृथ्वीला धरित्री म्हटले ते ती बीज धरते म्हणून. परंतु अंकुर वर येऊ लागला असता तिने त्याला वाट दिली नसती, तर त्या नावाला कोणते माहात्म्य उरले असते? घट्ट धरणे बलसाध्य आहे. धरूनही मोकळे ठेवणे ही साधना होय. ती आमच्या एमेरी क्विलिन यांना उतारवयात साधली. ते पिस्तुलांची प्लास्टिकची म्याने करीत असत आणि ती पत्नीच्या पाव भाजण्याच्या ओव्हनमध्ये करीत असत, एवढे आरंभीच सांगून ठेवतो, म्हणजे वाचकांनी फार गंभीर होऊन बसू नये.

अलास्काच्या आमच्या किनाऱ्यावर बंदूक ही छत्रीसारखी असते. घरातून निघताना ती आठवणीने घ्यायची, आणि तिचा उपयोग करण्याची पाळी येऊ नये अशी इच्छा करायची. जाळी ओढताना, ओढ्यावर मासे धरताना, टेकडीवरच्या झुडपांतून आंबटगोड बेऱ्या वेचताना दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून पिस्तूल छातीवर पट्ट्यांनी बांधण्याची आमची रीत. पूर्वी ही म्याने चामड्याची असत. खारे पाणी आणि माशांचा चिकटा यांपुढे चामडे टिकेना. ते कुजे, फुगे, आणि शेवटी त्याला असा वास येई की अस्वल दूर राहण्याऐवजी चौकशीला येई.

एमेरी गावच्या धावपट्टीवर लहान विमानांची आतली अंगे दुरुस्त करीत. आसने, भिंती, छते. विमानांच्या आत बसवतात त्या चिवट प्लास्टिकच्या पत्र्याचे तुकडे त्यांच्याकडे उरत, आणि उरलेला तुकडा फेकणे त्यांच्या प्रकृतीत नव्हते. तापवला की हा पत्रा मळलेल्या कणकेसारखा मऊ पडतो आणि निवला की ज्या वस्तूवर दाबला असेल तिचा आकार जन्मभर विसरत नाही. त्यांनी पहिले म्यान लुएलासाठी केले. लुएला त्यांची पत्नी, आणि घरातले एकमेव पिस्तूल तिचे. एमेरींकडे स्वतःचे शस्त्र कधीच नव्हते. आमच्याकडे हे जवळजवळ अनवाणी हिंडण्यासारखे, पण कोणी छेडले तर ते शांतपणे म्हणत, "अस्वल आलं तर लुएला आहे ना. आणि लुएला चिडलेली असेल, तर मग अस्वलाला कशाला दोष द्यायचा?"

त्यांची कृती ठरलेली होती. गिऱ्हाइकाने पिस्तूल आणावे, ते रिकामे आहे हे आधी एमेरींना आणि मग लुएलाला उघडून दाखवावे. लुएला दोनदा पाहत असे. मग एमेरी त्यावर रंगाऱ्याची चिकटपट्टी लावीत, घोड्याभोवतीच्या पोकळीत लाकडाचा तुकडा बसवीत, आणि ओव्हनमधून लवलवता पत्रा जाड हातमोज्यांनी उचलून पिस्तुलावर पांघरीत. खाली फळी, वर फळी, दोन्हींना जाड स्पंजाचे अस्तर. एवढ्यावर भार हवा. लोक शिकंजे वापरतात. एमेरींकडे ते नव्हते, आणि स्वतः ते इतके कृश होते की त्यांच्या बसण्याने स्पंजालाही काही कळत नसे. म्हणून गिऱ्हाइकानेच वरच्या फळीवर बसायचे, आणि पत्रा निवेपर्यंत उठायचे नाही, अशी चाल पडली. बसलेल्याला लुएला चहा देई. गावातले निम्मे मनोगत त्या फळीवर बाहेर पडले आहे. लग्ने ठरली आहेत, एक मोडलेही आहे. बाजारात नवे पिस्तूल दिसले की लोक विचारीत, "फळीवर बसलास की नाही रे अजून?" मीही बसलो आहे. आसन उबदार असते, एवढीच साक्ष देतो.

अशा या निगर्वी माणसाला एकच गर्व होता, तो घट्टपणाचा. पिस्तूल आत सरकले की 'खट्' असा आवाज यायला हवा. म्यानावर पिस्तुलाच्या नावाची अक्षरेसुद्धा बाहेरून वाचता यायला हवीत. मग ते भरलेले म्यान उलटे करून कपड्यांच्या दोरीवर टांगायचे आणि लुएलाने सतरंजी झोडायच्या काठीने दोरी बडवायची. पडले नाही तर उत्तीर्ण. कित्येक वर्षांत एकही पडले नव्हते.

एका उन्हाळ्याच्या अखेरीस ट्रोफिम आपल्या आईला घेऊन आला. ट्रोफिम अँकरेज शहरात राहणारा, मासेमारीपुरता गावी येणारा, दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी स्पर्श करील असा देहाचा. आई फेडोस्या त्याच्या कोपरापर्यंत येई. तिच्या हातात दिवंगत नवऱ्याचे अवजड रिव्हॉल्व्हर होते, आणि तोंडावर स्पष्ट नाराजी.

"एमेरी, हिला एक म्यान करून दे," ट्रोफिम म्हणाला. "छातीवरचं."

"माझ्या आईनं बादली आणि तोंड एवढ्यावर जन्म काढला," फेडोस्या म्हणाली. "तोंडाला अस्वलं भ्यायची."

"तुझ्या तोंडाला मीही भितो, आई. पण मागल्या वर्षी टेकडीवर तुझी बादली चपटी कोणी केली?"

"ती तशीही गळत होती."

ट्रोफिम एमेरींकडे वळला. "सरळ सांगतो. माझ्यासमोर तिनं हे वेळेत बाहेर काढून दाखवलं, तर तिनं खुशाल बेऱ्या वेचायला जावं. नाही जमलं, तर पुढच्या रविवारी मी निघतोय, आणि ती माझ्याबरोबर. कायमची. तिसऱ्या मजल्यावर घर आहे, उबदार आहे, लिफ्ट आहे."

"लिफ्टमध्ये बेऱ्या लागतात का रे?" म्हातारीने विचारले. पण आवाज तिचा नेहमीचा नव्हता. तिचा सारा संसार त्या टेकडीच्या पायथ्याशी झाला होता. तिथे जाता येईना, तर गावात राहण्याचे कारण तिला मुलापुढे मांडता आले नसते, हे तिला आणि आम्हा सर्वांना ठाऊक होते.

एमेरींनी त्यांच्याजवळचा काळ्या पत्र्याचा शेवटचा मोठा तुकडा काढला. फेडोस्याला आदराने खुर्ची दिली आणि फळीवर ट्रोफिमला बसवले. फळी कण्हली.

"हलू नकोस," लुएला म्हणाली. "श्वास घे, पण वरवर."

माशाची कचोरीवजा पिरोक त्याने बसल्या बसल्या फस्त केली, त्यामुळे भार वाढतच गेला. परिणाम अपूर्व झाला. रिव्हॉल्व्हरच्या पोटावरची प्रत्येक खाच, मुठीजवळचा प्रत्येक स्क्रू, नवऱ्याने कधीतरी पाडलेला ओरखडासुद्धा त्या काळ्या प्लास्टिकवर कोरल्यासारखा उमटला. लुएलाने दोरी बडवून बडवून काठी मोडली, पण ते हलले नाही. एमेरी त्या दिवशी जेवताना दोनदा उठून त्याच्याकडे पाहून आले.

परीक्षा फेडोस्याच्या अंगणात झाली. रिव्हॉल्व्हर रिकामे असल्याचे सर्वांना दाखवण्यात आले. ट्रोफिम वडिलांचा केसाळ कोट घालून मासे धुरवण्याच्या खोपीमागे लपला आणि गुरगुरत, भर उन्हात घामाघूम होत, लाकडांच्या राशीकडे धावत आला. तिथे पोचण्याआधी फेडोस्याने रिव्हॉल्व्हर रोखायचे होते. तिने मूठ धरली, ओढली. पुन्हा ओढली. संधिवाताने तिचा अंगठा पुरता मिटत नसे. रिव्हॉल्व्हर बाहेर येईना, म्यानच पट्ट्यांसकट वर वर सरकून हनुवटीला टेकले. अस्वल राशीपाशी आले, रास ओलांडून पुढे आले. तेव्हा म्हातारीने डोक्यावरून सगळे लटांबर उतरवले आणि गरगरा फिरवून अस्वलाच्या कपाळावर हाणले.

"अगं आई गं! मेलो!"

"अस्वलही हेच म्हणेल," फेडोस्या धापा टाकत म्हणाली.

कुंपणाला टेकलेला गाव पोट धरून हसला. ट्रोफिम हसला नाही. कपाळावर थंड माशाचा तुकडा धरून तो म्हणाला, "हसा. पण अस्वल थांबून मार खात नाही. आई, सामान बांधायला घे." फेडोस्या घरात गेली आणि दार लागले.

एमेरींनी म्यान घरी नेले. स्वतः ओढून पाहिले. 'खट्' करून रिव्हॉल्व्हर बाहेर आले. लुएलाने ओढले, आले. 

"म्हणजे दोष म्यानाचा नाही," ते म्हणाले.

"नाही ना. बोटांचा आहे," लुएला बटाटे सोलता सोलता म्हणाली. "नवी बोटं करून दे तिला. पत्रा उरलाय का?"

 दुसऱ्या दिवशी एमेरींनी ते देखणे म्यान पुन्हा तापवून सैल करायला घेतले. पत्रा एकदम ढिला पडला, कोरीव अक्षरे विरघळली, आणि तपासण्यासाठी उलटे धरताच रिव्हॉल्व्हर लुएलाने मळून ठेवलेल्या कणकेत जाऊन पडले. त्या दिवशी त्या घरात पाव झाला नाही आणि संभाषणही झाले नाही.

आता उरला होता तो एका विमानाच्या छताचा, साय धरलेल्या दुधाच्या रंगाचा तुकडा. पिस्तुलाच्या म्यानाला असा रंग म्हणजे शोकसभेला पिवळा फेटा. तरी एमेरी फेडोस्याला बोलवायला गेले. ती अर्ध्या भरलेल्या खोक्यांमध्ये बसली होती. उठली आणि त्यांच्यामागे आली. 

पत्रा मऊ झाला, फळी पडली. एमेरी दारातून एखादा वजनदार शेजारी दिसतो का ते पाहू लागले.

"मागल्या वेळी कोण बसलं होतं?" फेडोस्याने विचारले.

"ट्रोफिम."

"म्हणजे त्याचा सगळा भार माझ्या छातीवर बांधून मला टेकडी चढायला सांगत होतास होय? सरक लेका. मी बसते."

"फेडोस्या, तू बसलीस तर काही उमटणार नाही. एक अक्षर वाचता येणार नाही."

"मला वाचायचं नाहीये, एमेरी. मला काढायचंय."

पत्रा थंड होत होता. वाद घालायला अवधी नव्हता. ती बसली. तिचे पाय जमिनीला टेकेनात, म्हणून लुएलाने पायांखाली पावाचा डबा दिला. पुढचा वेळ एमेरींनी भिंतीकडे तोंड करून काढला. आपल्या हातून एक सामान्य वस्तू जन्माला येते आहे हे ज्याला कळते आणि तरीही जो ती थांबवत नाही, अशा कारागिराचे मौन काय असते ते त्या पाठमोऱ्या आकृतीत दिसत होते. फेडोस्या मात्र चहा पीत नवऱ्याच्या गोष्टी सांगत होती; तोही फळीवर बसता तर रिव्हॉल्व्हरचीच पोळी झाली असती, असे तिचे मत पडले.

फळी उचलली. आकार होता, पण धुक्यातून दिसावा तसा. कडा गोलसर, अक्षरांच्या जागी नुसती लाट. रिव्हॉल्व्हर आत सरकले, तर 'खट्' ऐवजी घसा साफ केल्यासारखा आवाज आला. एमेरी ते दोरीकडे नेऊ लागले, तशी लुएला मध्ये आली. "दोरीला कशाला? ती काय दोरीवर बेऱ्या वेचते?" तिने पट्टे स्वतःच्या अंगावर चढवले, अंगणभर वाकली, उकिडवी बसली, बादली घेऊन चढावर चढली, एकदा मुद्दाम ठेचकाळली. रिव्हॉल्व्हर जागचे हलले नाही. मग फेडोस्याने दोन बोटे आणि अर्धा अंगठा लावला. झुडपावरची पिकलेली बेरी हातात यावी तसे ते बाहेर आले.

ट्रोफिम पुन्हा एकदा परीक्षा घ्यायला कबूल झाला, पण शनिवारी त्याने लबाडी केली. ठरल्या वेळेच्या आधी, न गुरगुरता, तो खोपीच्या दुसऱ्याच बाजूने आला. फेडोस्या लुएलाशी बोलत होती. बोलता बोलता वळली, रिकामे रिव्हॉल्व्हर रोखले, आणि केसाळ कोट राशीपाशी पोचण्याच्या पुष्कळ आधीच दोन्ही हात वर करून उभा राहिला.

"आई! मी आहे, मी!"

"माहीत आहे. म्हणून तर सांगते, तिथंच उभा राहा."

ट्रोफिमने हात खाली केले, कोट काढला, घाम पुसला. मग आईच्या छातीवरची ती दुधट वस्तू निरखून म्हणाला, "एमेरी, हे म्यान आहे की मोजा?"

"मोजाच आहे," एमेरी म्हणाले. "पण तिच्या मापाचा."

रविवारी ट्रोफिम एकटा गेला. जाताना त्याने आईला नवी बादली आणून दिली आणि "मला न सांगता टेकडीवर जायचं नाही" असे तिला दहा वेळा बजावले. ती सोमवारी न सांगता गेली. पुढे एकदा टेकडीच्या पलीकडच्या अंगाला तिला अस्वल दिसले. तेही बेऱ्याच खात होते. तिने मुठीवर हात ठेवला, त्याच्याशी तिच्या नेहमीच्या आवाजात दोन शब्द बोलली, आणि ते निघून गेले. रिव्हॉल्व्हर काढावे लागले नाही.

त्यानंतर एमेरींनी ज्याचे म्यान त्यालाच फळीवर बसवले. स्थूल माणसांना मात्र ते अर्धवट उठायला लावीत आणि ती तशीच अधांतरी चहा पीत. अक्षरे उमटली नाहीत म्हणून त्यांना खंत वाटत असावी, कारण देताना ते नेहमी म्हणत, "दिसायला बेतास बात आहे." पण एकेकाच्या हाताची बोटे आधी उलटसुलट पाहिल्याशिवाय त्यांनी पुन्हा कधी पत्रा तापवला नाही.

गेल्या थंडीच्या आधीच्या थंडीत, झोपेत, एमेरी क्विलिन निवर्तले. किनाऱ्यावर त्यांची म्याने अजून वापरात आहेत. नवी करणारा कोणी नाही. फेडोस्या स्वतःच्या घरात राहते.