तीन लाख किलो मिरची

“मॅडम, हा आकडा किलोतच हाय ना?” फोनवर बबनराव होते, आम्हाला भाजीपाला पुरवणारे.

“किलोतच. का?”

“न्हाई, तुमी तीन लाख अडुसष्ट हजार किलो हिरवी मिरची मागितलीय. उद्या सकाळी. म्हटलं, इचारून घ्यावं.”

मी केडगावच्या एका मंगल कार्यालयात केटरिंग मॅनेजर आहे. दुसऱ्या दिवशी आठशे माणसांचं लग्न होतं. मुलीचे वडील, गायकवाड सर, नेमके माझ्यासमोर चहा पीत बसले होते.

“काही अडचण?”

“मिरचीचं बोलतोय,” मी म्हटलं.

“तिखट जरा बेतानं ठेवा हं.”

त्यांना हसून निरोप दिला आणि कॉम्प्युटरकडे धावले.

झालं होतं असं. ऑफिसचा कॉम्प्युटर जुना, त्याला नवी विंडोज झेपेना. म्हणून मी त्यावर लिनक्स टाकलं. लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्राम. विंडोजबरोबर एक्सेलही गेलं. आणि माझा सगळा कारभार एक्सेलच्या एका शीटवर. शंभर माणसांना काय किती लागतं ते त्यात लिहिलेलं. पाहुण्यांचा आकडा टाकला की सामानाची यादी तयार.

पर्याय शोधताना एक ऑनलाइन स्प्रेडशीट मिळालं. पण आमच्याकडे लाइट गेली की नेटही जातं. दुसरा एक प्रोग्राम चटकन उघडायचा, फक्त माझी जुनी फाइल त्याला उघडेना. मग मी सगळं हातानं टाइप केलं. मिरची शंभराला अर्धा किलो, म्हणून 1/2 लिहिलं. चौकटीत 01/02 दिसलं. म्हटलं, असेल याची लिहायची पद्धत.

त्या प्रोग्रामनं 1/2 म्हणजे एक फेब्रुवारी असं समजलं होतं! तारीख कॉम्प्युटरच्या पोटात 1900 सालापासूनच्या दिवसांचा आकडा म्हणून असते, आणि तो आता शेहेचाळीस हजारांच्या पुढे गेलाय. आठशे माणसं, म्हणून त्याला आठनं गुणून त्यानं मिरची मागवली. बाकी सामान पूर्ण किलोत, म्हणून ते बरोबर आलं.

आमचे मालक आबासाहेब म्हणाले, “फुकटचं घेतलंत, आता भोगा. विंडोजच आणा परत.”

“आणते. नवा कॉम्प्युटर घ्यावा लागेल.”

“मग राहू द्या. दुसरं काहीतरी फुकटचं बघा.”

मग लिब्रेऑफिसचं कॅल्क टाकलं, तेही एक्सेलसारखंच, पण फुकट. जुनी फाइल जशीच्या तशी उघडली. आठशे लिहिलं, मिरची चार किलो. तरी धीर होईना. मागच्या एका लग्नात सामान अगदी बरोबर पुरलं होतं, त्याची यादी मला पाठ होती. त्या लग्नातल्या पाहुण्यांचा आकडा टाकून पाहिला. जुळलं. मगच यादी पाठवली.

“चारच किलो व्हय?” बबनराव खट्टू झाले. “मी दोन-चार बाजारात फोन करून ठेवले हुते.”

लग्न छान झालं. जेवण पुरलं, उरलंही थोडं.

तेव्हापासून कुठलाही नवा प्रोग्राम आला की आधी त्याला उत्तर माहीत असलेलं गणित घालते. आणि अर्धा किलो असेल तर 0.5 लिहिते.